ईस्ट कर्कबीचा रथ

इंग्लंडच्या पूर्व भागांत लिंकनशायर नांवाचा एक परगणा आहे. डोंगर म्हणावा असा तेथें जवळजवळ नाहींच. क्षितिजापर्यंत गव्हाचीं व बटाट्याचीं शेतें, मधून मधून पाण्याचे सरळ चर, आणि या सर्वांवर पसरलेलें एवढें थोरलें आकाश कीं, सह्याद्रीच्या कुशींत जन्म काढलेल्या माझ्यासारख्या माणसास प्रथम जरा उघड्यावर पडल्यासारखें वाटावें. लिंकन शहराच्या टेकडीवरील पुरातन कॅथीड्रलचे मनोरे मात्र कोस कोस दूरवरून दिसत राहतात. २०१८ च्या जुलै महिन्यांत चिरंजीवांकडे नॉटिंगहॅम येथें गेलों असतां हा प्रदेश पाहण्याचा योग आला.

"बाबा, उद्यां तुम्हांला एक विमान दाखवितों," चिरंजीव म्हणाले.

"विमानांत बसूनच तर आलों कीं!" मी म्हणालों. विमानें पाहण्याची हौस मला कधींच नव्हती. आणि बाँब टाकणारें विमान पाहण्याची तर मुळींच नव्हती.

परंतु या प्रदेशांत विमानांना चुकवून कोठें जातां येत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनीच्या बाजूस तोंड असलेली ही सपाट भूमि ब्रिटिश बाँबफेक्या विमानांचें माहेरघर झाली होती. १९४५ पर्यंत या एका परगण्यांत जवळजवळ पन्नास विमानतळ झाले होते. तिन्हीसांजा झाल्या कीं शेंकडों विमानें येथून उडत आणि पहाटे उरलेलीं परत येत. जातांना शेवटचे दिसत ते कॅथीड्रलचे मनोरे, आणि परततांना प्रथम दिसत तेहि तेच. त्या कॅथीड्रलमध्यें वैमानिकांच्या स्मरणार्थ एक लहानसें उपासनागृह आहे. या भागांतून उडून परत न आलेल्या पंचवीस हजारांहून अधिक जणांचीं नांवें तेथील ग्रंथांत सुवाच्य अक्षरांत लिहून ठेविलीं आहेत. ब्रिटिश बाँबर कमांडमध्यें विमानांतून उडणारे एकंदर सुमारें १,२५,००० लोक होते. त्यांपैकीं ५५,५७३ मेले. शंभरांतले चव्वेचाळीस. वर्गाचा पट घेऊन हजेरी घेण्यांत माझा जन्म गेला, त्यामुळें असा आंकडा मला आंकडा म्हणून वाचतां येत नाहीं. बाकांच्या रांगा डोळ्यांपुढें येतात आणि त्यांतलीं निम्म्याच्या जवळपास रिकामीं दिसूं लागतात.

तथापि मनांत दुसरेंहि कांहीं होतें, आणि तें येथें लपवून ठेवणें बरें नाहीं. याच विमानांनीं जुलै १९४३ मध्यें हँबुर्ग जाळलें. फेब्रुवारी १९४५ मध्यें ड्रेस्डेनवर तीं गेलीं, अमेरिकन विमानेंहि गेलीं, आणि तेथें सुमारें पंचवीस हजार माणसें मेलीं. त्यांत बायका होत्या, मुलें होतीं, घरदार सोडून आलेले निर्वासित होते. आणि ज्या १९४३ सालीं या शेतांवर सिमेंटच्या धांवपट्ट्या घातल्या जात होत्या, त्याच सालीं याच राज्यकर्त्यांच्या हाताखालीं बंगालमध्यें लाखों लोक अन्नावांचून रस्त्यांवर पडत होते. तेव्हां अशा विमानापुढें आपण कोणत्या मुद्रेनें उभें राहावें, हा प्रश्न घेऊनच मी मोटारींत बसलों. विमान चालविणारांत आपलेहि लोक होते, हें मला ठाऊक होतें. सुखटणकर नांवाचे एक हिंदी अधिकारी लँकॅस्टर जातीच्या विमानांवर नॅव्हिगेटर, म्हणजे अंधारांत मार्ग काढणारे, म्हणून होते आणि त्यांना शौर्यपदकहि मिळालें होतें. पण आपल्या ओळखीचें आडनांव आलें म्हणून प्रश्न सुटतो असें थोडेंच आहे?

ईस्ट कर्कबी हें लिंकनच्या आग्नेयेस असलेलें लहानसें खेडें. ऑगस्ट १९४३ मध्यें येथील विमानतळ सुरू झाला. ५७ व ६३० या क्रमांकांचीं स्क्वाड्रनें येथून उडत असत. युद्ध संपल्यावर जमीन पुन्हां शेतकऱ्यांकडे आली. फ्रेड आणि हॅरॉल्ड पँटन या बंधूंनीं येथें कोंबड्या पाळण्याचा धंदा केला. जुन्या धांवपट्टीवर आतां खुराड्यांच्या लांबच लांब शेडी उभ्या आहेत. या दोघांचा थोरला भाऊ ख्रिस्तोफर हा हॅलिफॅक्स जातीच्या विमानावर फ्लाइट एंजिनियर होता. ३० मार्च १९४४ च्या रात्रीं न्यूरेंबर्गवर जीं विमानें गेलीं त्यांतलीं नव्वदांहून अधिक परत आलीं नाहींत. ख्रिस्तोफरचें त्यांतलें एक. त्याचें वय एकोणीस. धाकटे भाऊ म्हातारे झाले, पैसा जमला, तेव्हां त्यांनीं या भावासाठीं काय करावें? देऊळ नाहीं, धर्मशाळा नाहीं. १९८३ सालीं त्यांनीं एक लँकॅस्टर विमान विकत घेतलें. पुढें तें आपल्या या जमिनीवर आणून ठेविलें, आणि जुना कंट्रोल टॉवर डागडुजी करून त्याभोंवतीं संग्रहालय उभारलें. त्यांचा भाऊ मेला तो निराळ्या जातीच्या विमानांत, हें त्यांना ठाऊक नव्हतें असें नाहीं.

आम्ही पोहोंचलों तेव्हां तें विमान हँगरबाहेर उभें होतें. पंखांचा विस्तार १०२ फूट आणि लांबी ६९ फूट. अंग वरून हिरवें-तपकिरी आणि खालून काजळासारखें काळें. चार मर्लिन इंजिनें. प्रत्येकाचे बारा सिलिंडर. एवढ्या अवाढव्य देहांत माणसें सात, आणि त्या सातांनाहि बसावयास जागा कशी, तर आमच्या जुन्या वाड्यांतील माळ्यावरच्या कोनाड्यांसारखी. पंखांना जोडणारी लोखंडासारखी जाड तुळई पोटांतून आडवी गेलेली. पुढून मागें जावयाचें तर ती ओलांडून जावें लागे, आणि विमान पेटलें असतां जाड कपड्यांसह ती ओलांडतांना कित्येकांचे प्राण गेले. तारायंत्रवाला उकाड्यानें घामाघूम होई. शेपटीच्या काचेच्या कोठडींत बसणारा गनर, धुकें जमूं नये म्हणून समोरची कांचच काढून टाकलेली असल्यानें, हिमांकाच्या कितीतरी खालच्या थंडींत आठ आठ तास एकटा बसे. त्याची कोठडी फिरविण्याची शक्ति इंजिनांकडून येई, आणि त्यानें डोळ्यांत तेल घालून पाहारा केला तरच इंजिनें वांचत. सातांपैकीं कोणीहि एकटा वांचूं शकत नसे. अशा स्थितींत तीस फेऱ्या पुऱ्या करावयाच्या, मग सुट्टी. विशी-बाविशींतल्या मुलांच्या मनांत त्या पत्र्याच्या देहाविषयीं काय भावना उत्पन्न होत असेल, याची मला तेथें उभें राहिल्यावर प्रथमच कल्पना येऊं लागली.

प्रत्येक विमानाला एक अक्षर असे आणि अक्षरावरून नांव: एस् म्हणजे शुगर, क्यू म्हणजे क्वीनी. नाकावर चित्रें काढीत. प्रत्येक फेरीस एक लहानसा बाँब रंगवीत. फेरी इटलीवरची असली तर बाँबच्या ऐवजीं आइस्क्रीमचा कोन! दुसऱ्याचें विमान वाट्यास आलें तर मन खट्टू होई. निघण्यापूर्वीं मागच्या चाकापाशीं करावयाचा एक विधिहि पुष्कळ जण न चुकतां पाळीत. पण तो कसला, हें कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत लिहिण्यासारखें नाहीं. आणि विमानाला ते 'ती' म्हणत. इंग्रजींत निर्जीव वस्तूंना नपुंसकलिंग, हा नियम मीं तीस वर्षें मुलांकडून घोकून घेतला. पण तो या लोकांपुढें लटका पडतो. आमच्या अमरकोशानें विमान शब्द स्त्रीलिंगाखेरीज कोणत्याहि लिंगीं चालेल, असें स्पष्ट बजाविलें आहे. अमरसिंह या लोकांना भेटला असता तर त्याला आपला कोश सुधारावा लागला असता.

ईस्ट कर्कबीपासून मोटारीनें अर्ध्या तासाच्या आंत मेथरिंगहॅमचा जुना तळ लागतो. तेथून २६ एप्रिल १९४४ च्या रात्रीं नॉर्मन जॅक्सन नांवाचा फ्लाइट एंजिनियर श्वाइनफुर्टवर गेला. आपल्या वाट्याच्या फेऱ्या त्यानें संपविल्या होत्या. सोबत्यांची पुरी व्हावयाची होती म्हणून तो त्यांच्याबरोबर निघाला. बाँब टाकून परततांना शत्रूच्या लढाऊ विमानानें गांठलें आणि उजव्या पंखावर पेट्रोलच्या टाकीजवळ आग लागली. जॅक्सन स्वतः जखमी होता. त्यानें आग विझविण्याचें यंत्र कोटांत खोंवलें, वैमानिकाच्या डोक्यावरील झडप उघडली आणि वीस हजार फुटांवर, ताशीं दोनशें मैलांच्या वाऱ्यांत, तो पंखावर उतरला. बाहेर पडतां पडतां त्याची हवाई छत्री आंतच उलगडली. सोबत्यांनीं तिच्या दोऱ्या मुठींत धरून त्याला सांवरलें. यंत्र हातून निसटलें, हात-तोंड भाजलें, शेवटीं वाऱ्यानें तो उडाला आणि अर्धवट जळक्या छत्रीनें जर्मन भूमीवर पडला. जगला, शत्रूच्या हातीं सांपडला, आणि १९४५ मध्यें त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. विमान वांचलें नाहीं. वैमानिक आणि शेपटीचा गनर हेहि नाहींत. जळतें घर सोडून पळण्याऐवजीं घराच्या छपरावर चढणारा मनुष्य कोणत्या मातीचा असतो, हें समजण्यास घर आणि घरांतलीं माणसें त्याच्या लेखीं निराळीं राहिलेलीं नसतात, एवढें ध्यानांत घ्यावें लागतें.

आणि युद्धानंतर या रथांचें काय झालें? येथें मला राहून राहून शल्यपर्वांतला प्रसंग आठवत होता. युद्ध संपल्यावर श्रीकृष्ण अर्जुनास म्हणतो, गांडीव आणि भाते घेऊन तूं आधीं उतर. अर्जुन उतरतो, मग कृष्ण उतरतो, ध्वजावरचा कपि अंतर्धान पावतो आणि क्षणार्धांत तो दिव्य रथ घोड्यांसह जळून भस्म होतो. द्रोण-कर्णांच्या अस्त्रांनीं तो केव्हांच जळालेला होता. कृष्ण बसला होता म्हणून उभा होता. कार्य झालें, त्यानें सोडला. लँकॅस्टर जातीचीं ७,३७७ विमानें बांधलीं गेलीं. त्यांतल्या सर्वांत अधिक, म्हणजे १४० फेऱ्या केलेल्या विमानास १९४७ सालीं मोडींत काढलें. तेथें कोणताहि अग्नि प्रकट झाला नाहीं. हातोडे आले आणि पत्रा भंगारांत गेला. १३७ फेऱ्यांचें दुसरें एक, पूर्वींची 'क्वीनी' आणि नंतरची 'शुगर', लंडनच्या हेंडन येथील संग्रहालयांत आहे. राइशच्या भूमीवर शत्रूचें विमान उडणार नाहीं, ही गोअरिंगची बढाई तिच्या नाकावर त्याच्याच नांवानिशीं रंगविलेली आहे! अशीं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं उरलीं. उडण्याच्या स्थितींत ठेविलेलीं तर जगांत दोनच, एक येथून जवळच कॉनिंग्सबीस आणि एक कॅनडांत. आणि हीं दोन्ही तयार झालीं तीं १९४५ सालीं, युद्धांत उतरण्याची वेळ टळल्यावर.

ईस्ट कर्कबीच्या विमानाचीहि हीच गोष्ट. वर्तमानपत्रांतील एका चित्रमालिकेच्या नायिकेवरून 'जस्ट जेन' हें नांव त्याला मागाहून दिलेलें. एप्रिल १९४५ मध्यें तें बांधून झालें तें पूर्वेकडे जपानवर पाठविण्याच्या हेतूनें. तोंच युद्ध संपलें. पुढें फ्रेंच नौदलाकडे गेलें, पॅसिफिकमधील न्यू कॅलिडोनिया बेटापर्यंत समुद्रावर पाहारा करून आलें, आणि १९६५ सालीं ऑस्ट्रेलियांतून उडत इंग्लंडला परतलें. म्हणजे ज्यापुढें म्हातारेकोतारे डोळे पुसतात, तें विमान एकाहि रात्रीं जर्मनीवर गेलेलें नाहीं. हें वाचून माझा जरा विरस झाला, हें खरें. परंतु मग ध्यानांत आलें कीं, भाद्रपदांत आपण मातीची मूर्ति आणतों, ती कालपर्यंत कुंभाराच्या फळीवर होती. प्राणप्रतिष्ठा करून आवाहन करावें लागतें, आणि केलें कीं ती मातीची राहत नाहीं. ज्यांच्या 'क्वीनी' आणि 'शुगर' जर्मन शेतांत जळाल्या किंवा भंगारांत गेल्या, त्यांना आवाहनास एक मूर्ति हवी होती. पँटन बंधूंनीं ती आणून दिली.

हें विमान उडत नसे, परंतु ठराविक दिवशीं त्याचीं चारी इंजिनें सुरू करून तें गवतावर चालवीत. दोरीच्या अलीकडे शंभर-दीडशें माणसें जमलीं होतीं. माझ्या शेजारीं चाकांच्या खुर्चींत एक वृद्ध गृहस्थ होते, वय चौऱ्याण्णव. त्यांना घेऊन त्यांची नात आली होती. बोलतां बोलतां कळलें कीं, ते वैमानिक नव्हेत. याच तळावर १९४४ सालीं फिटर होते, इंजिनांचे.

"लोकांना वाटतें, विमान उडविणाऱ्यांचें," ते म्हणाले. "विमान आमचें. रात्रीपुरतें आम्ही तें त्यांना उसनें देत होतों."

आणि हें नुसतें बोलणें नव्हतें. उड्डाणापूर्वीं 'फॉर्म ७००' नांवाच्या कागदावर फिटरांच्या सह्या होत, आणि मग वैमानिक सही करून विमान ताब्यांत घेई. "मुलगी सासरीं पाठवितांना आमच्याकडे यादीवर सह्या होतात," असें मी म्हणणार होतों. पण माझ्या शाळेंतल्या इंग्रजींत तें नीट उतरेना.

रात्रभर ते जागत. पहाटे इंजिनांचा आवाज आला कीं मोजीत. त्यांच्या हातून तीन विमानें गेलीं. एक गेलें कीं दोन दिवसांत दुसरें नवें येई आणि त्यावर तेंच अक्षर रंगवीत. "अक्षर तेंच, म्हणजे कांहीं झालेंच नाहीं!" तिसरें गेलें त्या दुपारीं ते डावीकडील आंतल्या इंजिनाच्या पाण्याच्या नळीची पट्टी आवळीत होते. मध्येंच कोणीं तरी हांक मारली. परत येऊन त्यांनीं झांकण बसविलें आणि सही केली. शेवटचा वेढा आवळला होता कीं नाहीं?

"पुढें कागदपत्रांवरून कळलें कीं, ती रात्रींच्या लढाऊ विमानानें पाडली," नात हलकेंच म्हणाली. हें तिनें पूर्वीं पुष्कळदां सांगितलें असावें.

"हो. पण इंजिन धड असतें तर ती निसटली नसती कशावरून?"

यावर मी काय बोलणार? हँबुर्ग, ड्रेस्डेन, बंगाल हे सारे माझे प्रश्न खरेच होते आणि आहेत. पण ते मीं त्या खुर्चीपुढें ठेविले नाहींत. त्यांनींच एकदां समोरच्या काळ्या पोटाकडे बोट दाखवून म्हटलें, "आंत काय भरलें जात होतें तें आम्हांला दिसत होतें. दिसत नव्हतें असें मी म्हणणार नाहीं." आणि पुन्हां इंजिनांकडे पाहूं लागले.

थोड्या वेळानें त्यांनीं मला विचारलें, "तुमचें कधीं एखाद्या यंत्राशीं असें जडलें होतें?"

मला संकोच वाटला. खंडेनवमीस आमच्या घरीं पोथ्यांबरोबर अडकित्त्याला आणि शिवणाच्या यंत्रालाहि हळदकुंकू लावतात, हें मीं सांगितलें. पण त्यांचा प्रश्न तो नव्हता. "एक सायकल होती," मी शेवटीं म्हणालों. "तिच्यावरून एकतीस वर्षें शाळेंत गेलों. मी गांवीं नसतांना घरच्यांनीं ती भंगारवाल्यास दिली." चिरंजीवांनीं मान फिरविली; देणारे तेच होते.

वृद्ध गृहस्थ हंसले नाहींत. "तेल कोण घालीत असे?"

"मीच."

"मग तर तुम्हांला ठाऊक आहे."

इतक्यांत एक पंखा अडखळला, धुराचा लोट निघाला, आणि इंजिन धरलें. मग दुसरें, तिसरें, चौथें. गवत आडवें झालें. आवाज कानांपेक्षां छातींत अधिक जाणवत होता. माझ्या पायांखालची जमीन थरथरत होती. वृद्धांनीं डोळे मिटून मान एका कुशीस कलती केली होती; गवई तंबोऱ्याची तार जुळवितांना करतो तशी. विमान डुलत डुलत गेलें, वळलें, परत आलें. इंजिनें एकेक करून थांबलीं. मग तापलेला पत्रा निवतांना होणारी टिकटिक तेवढी ऐकूं येऊं लागली.

दोरी काढल्यावर नातीनें खुर्ची थेट पंखाखालीं नेली, मी मागोमाग गेलों. त्यांनीं मागच्या भागाकडे किंवा काचेच्या कोठडीकडे पाहिलेंहि नाहीं. डावीकडील आंतल्या इंजिनाखालीं खुर्ची थांबवावयास सांगून ते कमरेंत वांकले. सिमेंटवर तेलाचे दोन ताजे थेंब पडले होते. त्यांनीं बोट बुडवून तें तेल अंगठ्यावर घांसून पाहिलें, खिशांतून रुमाल काढून सावकाश बोट पुसलें, आणि नातीकडे पाहून समाधानानें म्हणाले, "गळते अजून."